पाच बोटांची चिमूट

"हेर्लेकर बाई, तुम्ही इथं नेमकं करता काय?"

डॉक्टर शेवड्यांनी हे मला सकाळी नऊ वाजता, पुरुषांच्या वॉर्डच्या मधोमध विचारलं. आठ खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि दोन सिस्टर कान देऊन ऐकत होते. डॉक्टरांच्या हातात मी लिहिलेला पिवळा आहारतक्ता होता. समोरच्या खाटेवर कोरे मास्तर तीन उशांना टेकून बसले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, घोटे सुजून गुळगुळीत झालेले. त्यांचं हृदय आधीच थकलेलं, आणि दोन दिवसांपासून त्यांना आडवं झालं की जीव गुदमरत होता.

"चार दिवसांत साडेतीन किलो वजन वाढलंय ह्यांचं," डॉक्टर म्हणाले. "चरबी नाही, पाणी. लघवीच्या गोळ्या दुप्पट केल्या तरी पाणी हटत नाही. म्हणजे पोटात मीठ जातंय. आणि तुमच्या कागदावर काय लिहिलंय? अळणी. वा."

त्यांनी कागद खाटेवर सोडून दिला. तो घसरून खाली पडला आणि मी वाकून उचलला. त्या वाकण्याचा मला अजून राग येतो.

"सर, माझ्या किचनमधून मीठ जात नाही," मी म्हणाले.

"मग कुठून जातं? चार वाजता केबिनमध्ये या आणि सांगा. सांगता येत नसेल तर येताना राजीनामा घेऊन या. मीठ कमी खा, हे सांगायला ट्रस्टनं पदवीधर बाई कशाला पोसायची? आमची आयासुद्धा सांगते ते."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. मास्तरांना तेवढ्यात धाप लागली, सिस्टर धावल्या, आणि दहा मिनिटांत त्यांची खाट ढकलत वर आयसीयूत नेली. मी तक्ता हातात धरून तिथंच उभी होते. अंगाचा नुसता भडका उडाला होता.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, सांगलीची. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी सव्वीस वर्षांची होते आणि त्या दवाखान्यातली पहिली आहारतज्ज्ञ. पहिली म्हणजे त्याआधी ते पदच नव्हतं. ट्रस्टींपैकी कुणीतरी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाहून आलं म्हणून एक वर्षाच्या बोलीवर मला घेतलं. डॉक्टर शेवड्यांना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मी आचाऱ्याची मुलगी आहे हे कळल्यापासून तर ते मला मुद्दाम विचारायचे, "काय बाई, आज भाजी कसली?"

आचाऱ्याची मुलगी होतेच मी. माझे वडील दिगंबर हेर्लेकर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मिरज-सांगलीत चाळीस वर्षं लग्नामुंजीचे स्वयंपाक त्यांनी केले. पाचशे पानांचा मसालेभात आणि तांबूस कढलेली बासुंदी, नाव घेतलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी आहारशास्त्र शिकायला पुण्याला जाते म्हणाले तेव्हा मावश्या-आत्या हसल्या होत्या. "स्वयंपाक शिकायला कॉलेज? घरात गुरू बसलाय की." अण्णा हसले नाहीत, चिडले. "आयुष्यभर धूर खाल्ला तो काय पोरीनं पुन्हा चुलीपाशीच जाऊन बसावं म्हणून?" मी म्हणाले, चुलीपाशी नाही, डॉक्टरांच्या शेजारी बसणार. शेजारी बसायचं राहिलं दूर, मला खुर्चीसुद्धा कुणी दिली नव्हती. तरी मी हट्टानं चिकटून होते. तक्ते लिहायचे, मापं ठरवायची, भांडून भांडून किचनला एक छोटा वजनकाटा आणवला होता.

अण्णांना दवाखान्याच्या किचनमध्ये मीच लावलं. गुडघे गेले होते, लग्नांत सगळीकडे ठेकेदार आले होते, घरात बसून माणूस कुढत होता. जुना आचारी सोडून गेला तेव्हा मी ट्रस्टच्या कचेरीत जाऊन शब्द टाकला. ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण त्या सकाळी माझ्या मनात अण्णा नव्हते. माझा संशय सरळ नातेवाइकांवर होता. पिशवीतून पापड आणायचे, पदराआड लोणचं आणायचं, हे मी रोज पकडत होते. मी तडातडा जिना चढून आयसीयूच्या बाहेर गेले. तिथं बाकावर कोरे काकू बसल्या होत्या. मास्तरांच्या पत्नी, इरकलीतली लहानखुरी बाई, मांडीवर रिकामा डबा.

"काय दिलंत त्यांना?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"काय न्हाई, बाई."

"खोटं बोलू नका. मीठ पोटात गेल्याशिवाय माणूस असा फुगत नाही. लोणचं दिलंत की पापड?"

माझा आवाज चढला होता. कॉरिडॉरमधली माणसं थांबून बघायला लागली. काकूंनी डबा घट्ट धरला.

"येकदाच वो," त्या म्हणाल्या. "गेल्या आयतवारी. लिंबाच्या लोणच्याची फोड. एवढीशी. तोंडाला चव न्हाई म्हनत हुते. ताट तसंच परत जायाचं. आता चार दिस झालं चांगलं चाटूनपुसून खात्यात, मग मी कशाला दिऊ?"

"त्या एवढ्याशा फोडीनंच तुमचा नवरा आत गेलाय," मी म्हणाले. "कळलं का? तुम्ही पाठवलंत त्यांना आत."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला, रडल्या मात्र नाहीत. मी वळले. खरं सांगते, जिना उतरताना मला हायसं वाटत होतं. चार वाजताचं उत्तर मिळालं होतं.

खाली येऊन टेबलाशी बसले, कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता हात थांबला. शिकलेलं आड आलं. लोणच्याच्या एका फोडीनं साडेतीन किलो पाणी साठत नाही. आणि वजन वाढलं ते गेल्या चार दिवसांत. काकू काय म्हणाल्या होत्या? चार दिवसांपासून ताट चाटूनपुसून खातात. चार दिवसांपूर्वीपर्यंत ज्या माणसाचं अळणी ताट जसंच्या तसं परत येत होतं, त्याला एकाएकी माझं वरण गोड का लागायला लागलं?

मी किचनमध्ये गेले तेव्हा बाराला पाच कमी होते. ट्रॉली भरत होती. अळणी जेवणाची दोन पातेली वेगळी ठेवलेली असत, एकात वरण, एकात भाजी, झाकणाला पिवळा दोरा बांधलेला. त्या आठवड्यात चार पेशंट अळणीवर होते. मी दोरा सोडला, पळीभर वरण वाटीत घेतलं आणि तोंडाला लावलं.

मीठ होतं. अगदी बेतशीर, एक कण कमी नाही की जास्त नाही. अण्णांच्या हातचं.

भाजी चाखली. तीही तशीच.

आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणावर?

ओरडले तरीही. भाजी चिरणाऱ्या बायकांना म्हटलं, बाहेर जा. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुसत निघून गेल्या. अण्णा पोळपाटाशी बसले होते, गुडघ्यांमुळे उंच स्टुलावर.

"अण्णा, ह्यात मीठ कुणी घातलं?"

"मी," ते म्हणाले. लपवालपवी नाही, काही नाही.

"का?"

"ताटं परत येत होती." त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "हे बघ चारू, चाळीस वर्षांत माझ्या हातचं पान कुणी भरलेलं उठवलं नाही. इथं रोज चार ताटं भरलेली परत. तो कोरे मास्तर तर घास तोंडात घेऊन तसाच बसायचा. मी जाऊन बघितलं दारातून. अळणी सुतकात खातात गं. घरात मढं निघालं की खातात. जिवंत माणसाच्या ताटात तसलं वाढायचं? माझा हात नाही धजला."

"म्हणून तुम्ही त्याच्या घरात मढं निघायची सोय केलीत."

"जीभ आवर."

"नाही आवरत. तो माणूस वर आयसीयूत आहे, अण्णा. त्याच्या छातीत पाणी झालंय. तुमच्या मिठानं."

त्यांनी मान झटकली. "उगीच काहीतरी. चिमूटभर तर घालतो. चिमूटभर मिठानं माणूस आजारी पडत असता तर अख्खी सांगली खाटेवर असती."

"चिमूट?" मी म्हणाले. "दाखवा तुमची चिमूट."

मी वजनकाटा ओढून त्यांच्या पुढ्यात ठेवला, त्यावर कागद ठेवला आणि मिठाचा डबा उघडला. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी त्यांना भर मांडवात परीक्षा द्यायला उभं केलंय. पण हात पुढे केला. तो हात मोठा होता, पळे आणि झारे धरून धरून रुंद झालेला. आपण चिमूट घेतो ती दोन बोटांची. अण्णांनी पाची बोटं डब्यात घातली आणि सहज, सवयीनं, उचलून कागदावर सोडली.

सात ग्रॅम.

"पुन्हा घाला," मी म्हणाले. पुन्हा सात.

"वरणात एक, भाजीत एक," मी म्हणाले. "सकाळी आणि संध्याकाळी. अठ्ठावीस ग्रॅम, चौघांत. प्रत्येकी सात. धडधाकट माणसानं दिवसाला खावं त्याहून जास्त मीठ तुम्ही मरायला टेकलेल्या माणसाला घातलंत. आणि म्हणता चिमूट."

अण्णा काट्याकडे बघत राहिले. पाचशे पानांच्या हंड्यावर जन्मभर चालवलेला हात, तो चार माणसांच्या पातेल्यावर आला तरी तेवढाच राहिला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. लग्नघरी आचारी चाखत नसतो, नैवेद्याआधी उष्टं होतं म्हणून. त्यांनी इथंही कधी चाखलं नाही. हाताचा अंदाज म्हणजे त्यांच्यासाठी देवाचा शब्द होता.

"मला वाटलं..." ते म्हणाले आणि थांबले. मग एकदम उसळले. "आणि तू? तीन महिने तू ते पिवळे कागद लिहितेयस. मीठ नाही, मीठ नाही. कागदावरनं मीठ काढायला काय अक्कल लागते? त्याच्या जागी काय घालायचं ते एकदा तरी सांगितलंस मला? आमसूल घाला, जिरं भाजून घाला, लिंबू पिळा, काहीतरी? माणूस जेवतोय की नाही ते बघायला गेलीस? आज पहिल्यांदा चाखलंस ना तू? चोर धरायला."

मी आणखी चिडले. दोन्ही पातेली उचलली आणि मोरीत उपडी केली. बाकी तिघांसाठी नवीन वरण लावलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे होतो.

"चार वाजता मला शेवड्यांपुढे उभं राहायचंय," मी म्हणाले. "सांगता आलं नाही तर नोकरी गेली. ते पद बंद करतील, पुन्हा कुणाला घेणार नाहीत."

"मग सांग काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "नातेवाइकांनी काही दिलं म्हण. देतातच की लोक. ती म्हातारी एकदा लोणचं घेऊन आली होती, ह्या बायकांनी पाहिलंय. कोण विचारायला जातंय?"

माझा बाप हे म्हणाला. पानावर मीठ वाढायला विसरलं तर यजमानाची माफी मागणारा माझा बाप.

"मी तुमचं नाव सांगणार," मी म्हणाले.

"सांग," ते म्हणाले. "बापाचं नाव सांगून मोठी हो."

नंतरचे तीन तास मी कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून काढले. दार लावून घेतलं होतं. एकदा स्पष्टीकरण लिहिलं, फाडलं. मग राजीनामा लिहिला, घडी करून पर्समध्ये टाकला. अण्णांवर चिडले, शेवड्यांवर चिडले, वॉर्डमध्ये हसणाऱ्या त्या कुणावर तरी चिडले. काय बोलायचं ते मनात दहादा घोळवलं. शेवडे असं म्हणाले तर मी तसं म्हणेन. बापाला वाचवावं असंही मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण दर वेळी तो आहारतक्ता डोळ्यांपुढे यायचा, जमिनीवर पडलेला, आणि मी पुन्हा पेटायचे.

चार वाजता केबिनमध्ये गेले. शेवड्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मीठ किचनमधूनच गेलं. किती गेलं, किती दिवस गेलं, कुणी घातलं, तो माझा कोण लागतो. एकाही शब्दाला आवाज कापला नाही.

शेवडे उठले आणि दार लावून आले.

"आणखी कुणाला बोललात हे?"

"नाही."

"शहाण्या आहात." ते पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखं बोलत होते. "बसा. हे बघा बाई, मास्तर बरे होतील न होतील, मुद्दा तो नाही. त्यांचे विद्यार्थी गावभर आहेत. दवाखान्याच्या जेवणानं पेशंट अत्यवस्थ, असं उद्या छापून आलं तर ट्रस्ट उठेल. सिस्टर सांगत होत्या, त्यांच्या पत्नीनं स्वतः कबूल केलंय, लोणचं दिलं म्हणून. तेवढंच लिहा फाईलमध्ये. नातेवाइकांनी सूचना मोडून खारट पदार्थ दिला. खोटंही नाही ते."

"एक फोड दिली त्यांनी. आठवड्यापूर्वी."

"किती दिली ते कुठं लिहायचंय? वडिलांना आपण आतल्या आत समज देऊ, त्यांना कुणी काढत नाही. आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं मी स्वतः मांडतो. सकाळी जरा जास्तच बोललो मी."

त्यांनी मास्तरांची फाईल माझ्यापुढे सरकवली. वर पेन ठेवलं. खुर्चीही होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवशी ज्या दोन माणसांवर मी जळत होते, त्या दोघांनी मला एकच खोटं सुचवलं होतं, आणि दोघांनाही बळी द्यायला तीच म्हातारी सापडली होती. मी खुर्चीत बसले. पेन घेतलं. फाईलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं: स्वयंपाकघरातून चार दिवस अळणी जेवणात मीठ घातले गेले, प्रत्येकी दररोज अंदाजे सात ग्रॅम. आचारी दिगंबर हेर्लेकर. देखरेखीची जबाबदारी माझी होती, मी अन्न तपासले नाही. खाली सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली. मग पर्समधून राजीनामा काढून फाईलवर ठेवला.

"मूर्ख आहात तुम्ही," शेवडे म्हणाले. "ह्या गावात पुन्हा कुठं उभ्या राहणार नाही."

"तुमच्यापुढे तर नक्कीच नाही," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

मास्तर वाचले, हे आत्ताच सांगून टाकते. अकरा दिवसांनी घरी गेले आणि पुढे सहा वर्षं जगले. अण्णांना दुसऱ्या दिवशी काढलं. ते माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. मी कोल्हापूरला गेले, शून्यापासून सुरुवात केली, आज माझ्या हाताखाली नऊ आहारतज्ज्ञ आहेत आणि त्यातल्या कुणालाही डॉक्टरांसमोर उभं ठेवलं जात नाही. ही कहाणी मी समारंभांत अनेकदा सांगितली आहे. लोक टाळ्या वाजवतात. मी ती नेहमी केबिनचं दार उघडून बाहेर पडले इथं संपवते.

पण मी बाहेर पडून घरी गेले नव्हते. जिना चढून आयसीयूपाशी गेले होते, कोरे काकूंना सांगायला. चढताना माझी मान ताठ होती. आपण केवढं मोठं केलं, नोकरी टाकली, बापालाही सोडलं नाही, आणि हे सगळं ह्या बाईसाठी, असं काहीतरी मनात होतं.

काकू त्याच बाकावर होत्या. सकाळी जशा बसल्या होत्या तशाच, मांडीवर डबा. शेजारी कुणीतरी ठेवलेला चहा साय धरून गार झाला होता. त्यांनी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही, असं आयसीयूच्या दारातल्या सिस्टरनं मला हळूच सांगितलं.

मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितलं. मीठ आमच्या किचनमधून गेलं. माझ्या वडिलांनी घातलं. तुमच्या लोणच्याचा काही संबंध नाही. मी तसं लिहून दिलंय.

त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी आणखी काही बोलेन म्हणून असेल.

"सकाळधरनं मी म्हनत हुते," त्या म्हणाल्या, "की मीच मारलं त्येनला. मीच. पोरांस्नी काय तोंड दावू म्हनून फोनबी केला न्हाई."

"नाही काकू. तुमचं काही चुकलं नाही."

"तुमास्नी कवा कळलं हे?"

"बारा वाजता," मी म्हणाले.

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला आले होते.

"मग बारापासनं कुठं हुता, बाई?"